पाठीतलं पाणी आणि सिनॅप्सची प्रथिनं: या चुका टाळा

“मॅडम, न्यूरोग्रॅनिन वाढलंय, म्हणजे आईचा मेंदू सुधारतोय ना?”

संशोधनात सहभागी झालेल्या एका आजींच्या मुलाने मला हे विचारलं. त्याला ‘नाही’ सांगताना फार जड गेलं. चूक त्याची नव्हती. कागद हातात देताना त्या आकड्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

न्यूरोग्रॅनिन हे प्रथिन असतं चेतापेशींच्या फांद्यांवरच्या बारीक काट्यांत. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो तो सांधा म्हणजे सिनॅप्स, आणि हे काटे त्याची घेणारी बाजू. अल्झायमरमध्ये काटे झडतात, प्रथिन सुटतं आणि मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूभोवतीच्या ‘पाठीतल्या पाण्यात’, उतरतं. मेंदूत कमी, पाण्यात जास्त. स्नॅप-२५ आणि जीएपी-४३ ही सिनॅप्सची प्रथिनंसुद्धा अल्झायमरमध्ये पाण्यात वाढलेली दिसतात. एनपीटीएक्स-२ मात्र उलटं वागतं, ते पाण्यातही घटतं. म्हणून ‘सिनॅप्सची प्रथिनं वाढली’ असं मोघम लिहू नका. कुठलं वाढलं, कुठलं घटलं, ते नाव घेऊन लिहा.

दुसरी चूक नमुना घ्यायच्या नळीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. हाताशी असेल ती नळी उचलायची सवय मोडा. अल्झायमरच्या निदानातलं मुख्य प्रथिन, अमायलॉइड बीटा ४२, पॉलिस्टायरीनच्या भिंतीला चिकटून बसतं. अल्झायमरमध्ये ते मुळातच कमी सापडतं, त्यामुळे चुकीच्या नळीत निरोगी माणसाचा नमुनाही आजारी दिसू शकतो. कमी चिकटणारी पॉलिप्रॉपिलीनची नळी घ्या, थेंब थेट तिच्यातच पडू द्या, निदान अर्ध्याच्या वर भरा. या नळीतून त्या नळीत ओतलं की दर वेळी थोडं प्रथिन भिंतीला जातं. अमायलॉइड बीटा ४२ आणि त्याचंच भावंड अमायलॉइड बीटा ४० यांचं गुणोत्तर काढलं तर ही तूट बरीचशी भरून निघते. पण सिनॅप्सच्या प्रथिनांसाठी असा आधार सहसा नसतो.

मग रक्त. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. मेरुद्रव साध्या पाण्यासारखा नितळ हवा. जराशी गुलाबी झाक दिसली, तर सुई आत जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली असण्याची शक्यता असते. रक्तातलं बहुतेक सगळं अल्फा-सिन्यूक्लिइन हे प्रथिन तांबड्या पेशींत असतं. पार्किन्सनमध्ये मेरुद्रवातलं हेच प्रथिन थोडं कमी झालेलं असतं, आणि ती घट रक्ताच्या दोन थेंबांत झाकली जाते. सुरुवातीचे लालसर थेंब वेगळे ठेवा. नमुना गोठवण्याआधी सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवा. गोठल्यावर पेशी फुटतात आणि मग काहीच वेगळं करता येत नाही. नंतर छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवायला नको.

एका प्रयोगशाळेची निरोगी-आजारी ठरवणारी सीमारेषा दुसरीच्या आकड्याला लावू नका. न्यूरोग्रॅनिन पाण्यात तुकड्यातुकड्यांत असतं, आणि कुठला तुकडा पकडायचा हे ज्याच्या-त्याच्या किटमधल्या अँटिबॉडीवर ठरतं.

एकट्या न्यूरोग्रॅनिनवर निदानही करू नका. मेंदू झपाट्याने झिजवणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजारातही ते वाढतं, आणि तिथे बीटा-सिन्यूक्लिइन हे सिनॅप्सचं आणखी एक प्रथिन तर प्रचंड चढतं. अल्झायमर आहे का, हे अमायलॉइड आणि फॉस्फो-टाउ (टाउ प्रथिनाचं फॉस्फेट जोडलेलं रूप) सांगतात. सिनॅप्स किती झडले याचा अंदाज सिनॅप्सची प्रथिनं देतात, आणि तो मोलाचा आहे. रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की बुद्धी किती ओसरली याचा सगळ्यात जवळचा संबंध सिनॅप्स गमावण्याशी असतो, मेंदूत साचलेल्या अमायलॉइडच्या गाठींशी, म्हणजे प्लाकशी, तेवढा नाही.

घरच्यांना एक विनंती. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो’ या भीतीने तपासणी टाळू नका. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये जाते. शरीर दिवसाला साधारण ५०० मिली मेरुद्रव तयार करतं, त्यामुळे काढलेले १०-१२ मिली तासाभरात भरून येतात. काहींचं डोकं दुखतं. बोथट टोकाची सुई वापरली तर ते कमी होतं, तशी मागणी जरूर करा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.