रोग कोणत्या गोठ्यातून कुठे जाईल? वही आणि फाशाने काढा माग

लाळ्या खुरकूत गावात शिरला की सगळे विचारतात, ‘आणला कोणी?’ त्याऐवजी ‘कोणत्या वाटेने आला?’ असं विचारलं तर पुढची दावण वाचवता येते. त्याला एक वही, एक फासा आणि खरं सांगणारी चार माणसं पुरतात.

आधी वही आखा. रकाने पाच: तारीख, कुठून, कुठे, किती जनावरं, कशासाठी. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. मागच्या दोन महिन्यांची ये-जा लिहा. खरेदी-विक्री लोक सांगतातच. सुटतं ते वेगळंच. सकाळी कालवड पिकअपमध्ये घालून बाजारात नेली, भाव पटला नाही, संध्याकाळी परत आणून त्याच दाव्याला बांधली. घरधनी अगदी मनापासून सांगतो, ‘आमच्याकडे काही आलं-गेलं नाही.’ पण ती कालवड दिवसभर गावोगावच्या जनावरांत उभी होती, त्यांच्याच हौदावर पाणी प्यायली होती. म्हणून मुद्दाम विचारा: बाजारातून न विकता काय परत आलं? गाय वळूकडे नेली होती का? ऊसतोडीला गेलेले बैल कधी परतले?

मग चित्र काढा. प्रत्येक गोठा आणि बाजार म्हणजे ठिपका, ये-जा म्हणजे बाण, आणि प्रत्येक बाणावर तारीख. सगळी मेख या तारखेत आहे. ‘ब’कडून ‘क’कडे गाय 3 तारखेला गेली आणि ‘अ’कडून ‘ब’कडे 5 तारखेला आली, तर या वाटेने ‘अ’चा रोग ‘क’पर्यंत पोचूच शकत नाही. तारखा नसल्या की तिघे एका माळेत दिसतात आणि बिचाऱ्यांवर नाहक आळ येतो.

आता एका गोठ्यात रोग आहे असं धरा. तारखेच्या क्रमाने बाण घ्या. रोगी ठिपक्यातून निघालेल्या प्रत्येक बाणाला फासा टाका. 1 किंवा 2 पडला तर पुढच्या ठिपक्याला रोग लागला, नाहीतर तो वाचला. बाजार मात्र त्या दिवसापुरताच रोगी धरायचा. शेवटी लागलेले गोठे मोजा. असं तीस वेळा करा, मग बाजाराचा ठिपका खोडून पुन्हा तीस वेळा. बाजार बंद ठेवल्याने किती गोठे वाचतील, त्याचा अंदाज हाती येतो. ‘1 किंवा 2’ हे आपण धरलेलं आहे, तेव्हा फक्त 1 धरूनही करून बघा. संशोधक संगणकावर हेच हजारो वेळा करतात.

ब्रिटनमध्ये 2001 साली बाजारांतून झालेली अशीच ये-जा फार महागात पडली. मेंढ्यांत लाळ्या खुरकूताची लक्षणं सौम्य असतात. 20 फेब्रुवारीला रोग पक्का कळेपर्यंत हेक्सॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून मेंढ्या दूरदूर पोचल्या होत्या. 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. पुढे इंग्लंडमध्ये नियम आला: बाहेरून गाय किंवा मेंढी आली की सहा दिवस तिथून दुसरीकडे जनावरं हलवायची नाहीत. आपल्या चित्रात असे सहा दिवसांच्या आतले बाण खोडून फासे टाकून बघा. मला हा उपाय बाजारबंदीपेक्षा माणुसकीचा वाटतो, कारण शेतकऱ्याचा सौदा थांबत नाही.

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाला एवढं पुरणार नाही. तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळेही पसरतो, म्हणून लागून असलेल्या गोठ्यांमध्ये तुटक रेघ ओढा आणि तिलाही दर आठवड्याला फासा टाका. अंगावर गाठी दिसल्या की वही घेऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मागच्या 28 दिवसांचे बाण समोर असले की कोणत्या दावणी आधी तपासायच्या, हे डॉक्टरांना तिथेच ठरवता येतं.