दोन मीटर, तीन बेल

अमेरिकेत विकत घ्यायला टू-फॅमिली घर, म्हणजे दोन स्वतंत्र बिऱ्हाडांचं घर, बघायला गेलात की आत शिरायची घाई करू नका. आधी फुटपाथवर उभं राहून दारावरच्या बेल मोजा, मग बाजूच्या बोळातून जाऊन विजेचे मीटर मोजा. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या मागच्या गल्लीत आम्ही जे चौथं घर पाहिलं, त्याच्या जाहिरातीत टू-फॅमिली लिहिलेलं. मीटर दोन, बेल मात्र तीन. तिसरी कोणाची, ते तळघरात उतरल्यावर कळलं. बॉयलरच्या पलीकडे प्लायवूडची भिंत, खुर्चीवर इंडक्शनची शेगडी, दोरीवर टॉवेल, आणि झोपेतून उठलेला आपल्याच देशातला एक विद्यार्थी. बिचारा आम्हालाच सॉरी म्हणाला.

एजंट म्हणाला, हे बोनस इन्कम समजा. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढले, पोटभाडेकरू काय चीज असते ते मला सांगू नये! परवानगी नसलेली ती खोली पालिकेने रिकामी करायला लावली, तर न्यू जर्सीच्या कायद्याने मालकाला भाडेकरूच्या हातात सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम ठेवावी लागते. तोवर मालक तुम्ही झालेले असता. म्हणून पालिकेच्या दप्तरी ते घर किती कुटुंबांचं आहे, हे वकिलाकडून काढून घ्या. एजंटच्या तोंडी हमीला काही अर्थ नाही.

तळघरात उतरलाच आहात तर भिंतीचा खालचा हातभर पट्टा न्याहाळा. बाकी भिंत जुनी आणि तेवढाच पट्टा ताजा रंगवलेला असेल, तर १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, आयडा वादळात, इथे किती पाणी आलं होतं ते थेट विचारा. शहराच्या जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून जातं, त्यामुळे मोठा पाऊस झाला की काय वर येतं ते मी इथे लिहीत नाही. अंगणात घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना, याची तपासणी वेगळी करून घ्या. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ती सहसा धरलेली नसते, आणि टाकी गळकी निघाली तर माती उपसायचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात.

कर्जाचं थोडक्यात. स्वतः राहणार असाल तर एफएचए कर्जात, म्हणजे केंद्र सरकारच्या विम्याचं पाठबळ असलेल्या गृहकर्जात, चार कुटुंबांपर्यंतच्या घराला साडेतीन टक्के डाउन पेमेंट चालतं. गोम तीन आणि चार फॅमिलीला आहे. सगळ्या मजल्यांचं, तुमच्या स्वतःच्या मजल्याचंसुद्धा, बाजारभावाने भाडं धरून त्याच्या ७५ टक्क्यांत कर, विम्यासकट पूर्ण हप्ता बसावा लागतो. तीन मजले, प्रत्येकी ३,००० डॉलर, म्हणजे ९,०००. हप्ता ६,७५० च्या वर गेला की अर्ज तिथेच अडतो. आमचा अडला. टू-फॅमिलीला ही अट नाही, म्हणून आम्ही तिकडे वळलो.

"एरिया बदलतोय" हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो. याच भागात १९८७ मध्ये डॉटबस्टर्स म्हणवणारे लोक भारतीयांना गाठून मारत होते. आज इथल्याच न्यूअर्क अव्हेन्यूवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, शनिवारी पार्किंग मिळत नाही. म्हणजे बदलतो हे खरं, पण बदलाचं बिलही येतं. २०१८ मध्ये शहराने तीसेक वर्षांनी सगळ्या मालमत्तांचं फेरमूल्यांकन केलं आणि काहींचा कर एका फटक्यात चढला. आजच्या मालकाचा कर तोच आपला, असं धरून हिशेब मांडू नका. आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ रेल्वेच्या स्टेशनपासून घरापर्यंत एकदा रात्री अकराला चालून या.

आता भाडेकरू. आम्ही घेतलं ते सातवं घर. वरच्या मजल्यावर एक इजिप्शियन आजी आणि तिचा मुलगा. मी नळ सोडून पाण्याचा जोर बघत होते, तर आजी दारात येऊन मुलाला काहीतरी म्हणाली. त्याने इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, आम्हाला काढणार का?" घर विकलं म्हणून भाडेकरार संपत नाही, तो तुमच्या गळ्यात येतो. म्हणून करार मागून घेऊन वाचाच. शिवाय भाडं आणि डिपॉझिट किती, हे भाडेकरूच्या सहीने लेखी घ्या. मालक सांगेल तो आकडा आणि भाडेकरू सांगेल तो, यांत फरक निघतो. जो मजला स्वतःला हवा, तो रिकामा मिळेल असं खरेदीच्या करारात लिहून घ्या. एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाला तो तपासायला कामाचे तीनच दिवस असतात, तेव्हा वकील आधीच ठरवून ठेवा.

डिपॉझिटबाबत आम्ही गाफील राहिलो. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या, टेबलावर ते हिशेबात आलंच नाही, नंतर जुना मालक फोन उचलेना. पैसे हातात आले नसले तरी परत करायची जबाबदारी नव्या मालकाची असते. आजीने पावती जपून ठेवली होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, दीड महिन्याच्या भाड्याची. आम्ही ती रक्कम खिशातून भरली आणि बँकेत तिच्या नावाने वेगळी ठेवली.