ताप उतरला पण पोराचा हात उचलेना, तेव्हा काय करायचं

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पाहुण्यांत सहा वर्षांचा एक पोरगा आहे. चार-पाच दिवस सर्दी-ताप होता, उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला बसला तर डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला. आजीनं दोनदा दटावलं, उजव्या हातानं जेव की रे, पोरगा काही बोलेना, नुसता रडायला लागला. उजवा हात मांडीवर तसाच पडून. मग तापाचा अशक्तपणा असेल, हातावर झोपला असेल, जरा तेल चोळा, असं करत करत संध्याकाळ झाली, कारण अंगावरनं वारं जातं ते म्हाताऱ्या माणसांच्या, हेच सगळ्यांच्या डोक्यात. एमआरआय केल्यावर कळलं की स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूत रक्त अडून अंगावरनं वारं गेलं होतं.

तर पहिली गोष्ट, लहान मुलांना पण स्ट्रोक होतो, अगदी पोटातल्या बाळाला सुद्धा. होतो क्वचितच, म्हणून प्रत्येक शिंकेला घाबरून बसू नका, करोडो पोरांना सर्दी होते आणि काही होत नाही. पण सर्दी-ताप आणि स्ट्रोकचा संबंध आहे हे आता नीट माहीत झालंय. २०१५ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात स्ट्रोक झालेली ३५५ मुलं आणि न झालेली ३५४ मुलं अशी तुलना केली होती. आधीच्या एका आठवड्यात इन्फेक्शन झालेली मुलं पहिल्या गटात १८ टक्के आणि दुसऱ्या गटात फक्त ३ टक्के निघाली. आणि इन्फेक्शन म्हणजे काही भयंकर नाही हं, बहुतेक साधी सर्दी-खोकलाच. इन्फेक्शनशी लढताना अंगात जी सूज येते तिनं रक्त गोठायची ओढ वाढते, मेंदूच्या रक्तवाहिनीची भिंत पण सुजू शकते, आणि एखाद्या मुलाच्या नशिबात नेमकं तिथंच रक्त अडतं. हा धोका थोडे दिवसच असतो, त्यामुळं ताप असताना आणि उतरल्यावर आठवडाभर पोराकडं जरा डोळे उघडे ठेवून बघायचं, एवढंच.

कांजिण्यांचं मात्र वेगळं आहे. तो व्हायरस मज्जातंतूतून मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकतो, आणि कांजिण्या होऊन गेल्यावर सहा महिन्यांपर्यंत स्ट्रोकचा धोका साधारण चौपट धरतात. आपल्याकडं देवी आल्या म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवतात, ठेवा, पण कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, पुढं डॉक्टरला सांगायला लागते. आणि आपल्या देशात टीबीचा मेंदूज्वर हे पण मोठं कारण आहे, घरात कुणाला टीबी असेल आणि पोराला बरेच दिवस ताप, डोकेदुखी, उलट्या, चिडचिड असेल तर थांबायचंच नाही.

आता बघायचं काय. तोंड एका बाजूला ओढलंय का, हसायला सांगा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली येतोय का बघा. काहीतरी बोलायला लावा, "दादा काय करूलास" एवढं म्हणाला तरी जीभ अडखळते का कळतं. चालताना एक पाय ओढतोय का, एकदम तोल जातोय का, दिसायचं कमी झालंय का. पोरांच्यात फिट येऊन सुरुवात होणं मोठ्यांपेक्षा जास्त बघायला मिळतं, आणि फिट थांबल्यावर हात-पाय लुळा पडला तर "फिटमुळंच झालं असेल" हे आपण घरी ठरवायचं नाही. तान्ह्या बाळाला तर काही सांगता येत नाही, पण वर्षाच्या आत बाळ सारखं एकच हात वापरत असेल तर "डावखुरा होणार वाटतं" म्हणून हसण्यावारी न नेता दाखवून या.

यातलं काहीही अचानक दिसलं की घड्याळ बघा, शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ लिहा. कुशीवर झोपवा. पाणी, दूध, गोळी काहीच तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर छातीत जातं. आजोबांची हार्टची ती बारकी अ‍ॅस्पिरिनची गोळी तर अजिबात नको, फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी मुलांना ती दिली तर लिव्हर आणि मेंदूला धोका असतो, डॉक्टर तपासून देतील ते वेगळं. चोळणं, झाडपाला, देवर्षी यात अर्धा दिवस जातो.

१०८ ला फोन लावा. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर धरतो कधी महाराष्ट्राचा, म्हणून आधी राज्य, तालुका, गाव सांगा, मग बाकीचं. कुठं जायचं यावर भावकीत चर्चा नको, निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं, खानापूरवाल्यांना बेळगाव, जिथं एमआरआय आणि मुलांचे डॉक्टर दोन्ही आहेत तिकडं थेट जायचं. निघताना फोन करून विचारा. सीटी स्कॅन सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर घरी परत येऊ नका.

तिथं सिस्टर कन्नड बोलणारी असेल तर घाबरायचं कारण नाही, "एडगै एत्ताक आगवल्दु" म्हणजे डावा हात उचलता येत नाही, "बलगै" म्हणजे उजवा, "मात बरवल्दु" म्हणजे बोलता येत नाही. आणि डॉक्टरनी विचारलं नाही तरी सांगा, आठवड्यात ताप-सर्दी होती, कांजिण्या अमुक महिन्यात झाल्या, कान वाहत होता, हार्टचा त्रास आहे. कानाचं इन्फेक्शन आत गेलं तर मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी तसंच.

लसीचं कार्ड बघा आजच. वर सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासात नेहमीच्या लसी अर्धवट घेतलेल्या मुलांना धोका सुमारे सातपट दिसला. अंगणवाडीत मिळणाऱ्या लसी फुकट आहेत, बीसीजी, पेंटा, न्यूमोनियाची, गोवर-रुबेला, राहिलेल्या असतील तर आशाताईला विचारून पुऱ्या करा. ऊसतोडीला किंवा गोव्याला कामाला गेलेल्यांची मुलं इथंच सुटतात. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, विकत घ्यावी लागते, दोन डोस असतात, स्वस्त नाही पण परवडत असेल तर द्या. रक्त कमी असेल तर ते पण तपासून घ्या, लोहाची कमतरता हा पण एक धोका धरतात.

आमचा तो पोरगा आता चालतो, बोलतो, अक्षर अजून वाकडं येतं. फिजिओथेरपीवाल्यांनी घरी करायला सांगितलेलं सोपं होतं, ताटात चिरमुरे टाकायचे आणि उजव्या हातानं एकेक उचलून खायला लावायचं, डावा हात आजीनं धरून ठेवायचा.