सैनिकाचं अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारलं, तर अपील कसं करावं

नकाराचं पत्र आलं की आधी रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाच्या (सेवेतून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या) कागदांची पूर्ण प्रत मागवा. खरी लढाई तिथेच असते. आजार 'सेवेमुळे झाला नाही, सेवेने बळावलाही नाही' एवढंच लिहून कारण दिलं नसेल, तर नेमकं त्यावर बोट ठेवा. भरतीवेळी आजाराची नोंद नव्हती, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाच्या आधारे मांडा; अशी नोंद नसेल तर आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, असं त्यात म्हटलंय. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे, अधिक कडक नियम आहेत; आपल्याला कोणते लागू होतात ते पाहा.) सोबत कठीण पोस्टिंगच्या तारखा द्या, नुसतं 'ताण होता' म्हणणं टिकत नाही.

पहिलं अपील सहा महिन्यांत, ते फेटाळलं तर दुसरं पुढच्या सहा महिन्यांत. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपा, मुदतीचा वाद तिच्यावरच मिटतो.