जिरायत हरभऱ्याचे बियाणे भिजवून पेरताना

मोहोळ-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जिरायत हरभरा परतीच्या पावसाच्या ओलीवरच येतो, आणि ऑक्टोबरचे ऊन लागताच वरच्या थरातली ओल भराभर उडू लागते. ती खाली जाण्याआधी मूळ खोल उतरले तरच रोप तगते. बियाणे भिजवून पेरायचे ते एवढ्यासाठीच.

औषध चोळलेले विकतचे बियाणे भिजवू नये, कारण औषध पाण्याबरोबर धुऊन जाते. घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ दिवसांनी मोड मोजावेत; प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते, आणि मुळात कमजोर असलेले बी भिजवल्याने सुधारत नाही.

दाणा पहिल्या काही तासांत झपाट्याने पाणी पितो. नंतर तो बाहेरून स्थिर दिसत असला तरी आत अंकुराची तयारी चालूच असते, आणि मूळ साल फोडण्याआधी, याच अवस्थेत त्याला बाहेर काढायचे असते. हरभऱ्याला साधारण आठ तास पुरतात. एका वर्षी मी बियाणे दुपारपर्यंत पाण्यात राहू दिले, तेव्हा दाण्याच्या चोचीजवळ पांढरी टोके डोकावू लागली होती. ती पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) चाड्यातून, म्हणजे बी सोडायच्या तोंडातून, जाताना मोडली आणि पेरलेल्या ओळीत जागोजागी नांगे (रोप न उगवलेल्या मोकळ्या जागा) पडले. म्हणून आधी मूठभर दाण्यांवर वेळ तपासावी. पाण्याबाहेर काढून ठेवल्यावरही मोड फुटले, तर वेळ कमी करावी.

उपसलेले बियाणे, दाणे एकमेकांना चिकटेनासे होईपर्यंत, सावलीत पसरावे.

भिजवल्याने मर रोग जातो, असा गैरसमज मात्र नसावा. उभे रोप माना टाकते, खोड उभे चिरल्यास आत काळपट तपकिरी रेघ दिसते, आणि या रोगाची बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत अनेक वर्षे टिकते. नुसत्या पाण्याने ती हटत नाही. रोगट रानातले बी भिजवायला घेऊच नये. सुकलेल्या बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी), त्यानंतर १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर नत्र साठवणारे जिवाणू खत) गुळाच्या थंड पाण्यातून हलक्या हाताने चोळावे आणि त्याच दिवशी पेरावे. रोगट रानात पुढील काही वर्षे ज्वारी घ्यावी आणि हरभऱ्यासाठी विजय किंवा दिग्विजयसारखे मर सहन करणारे वाण निवडावे.

ऐनवेळी पाऊस येऊन वापसा (पेरणीजोगी ओल) लांबला, तर भिजवलेले बियाणे ढिगात ठेवू नये. ते सावलीत पूर्ण सुकवावे, म्हणजे काही दिवसांनीही पेरता येते.