मराठी विकिपीडियावरील लेखाची वाचनसंख्या कशी पाहावी

विकिपीडियावरील लेखाच्या ‘इतिहास’ पानावर ‘पेजव्ह्यूज’ या साधनाचा दुवा असतो. तो उघडून लेखाचे शीर्षक आणि तारखा दिल्या की दिवसवार आलेख दिसतो. जुलै २०१५ पासूनचे आकडे तेथे मिळतात. ते मिळवणे सोपे आहे. त्यांचा अर्थ लावताना मात्र गल्लत होते.

या आकड्याला ‘वाचक’ म्हणणे चुकीचे आहे, कारण पान जितक्या वेळा उघडले गेले तितक्या नोंदी त्यात असतात. स्वतः लिहिलेला लेख कौतुकाने दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या संपादकाच्या दहाही भेटी त्यात धरल्या जातात (हा स्वानुभव आहे). फारसा वाचला न जाणारा लेख असेल, तर आलेखातला उंचवटा बहुधा आपलाच असतो.

साधनातील ‘एजंट’ या रकान्यात ‘यूझर’ हाच पर्याय ठेवावा. शोधयंत्रांचे जे सांगकामे (आपोआप पाने उघडणारे संगणकीय प्रोग्रॅम) स्वतःची ओळख देतात, ते ‘स्पायडर’ या गटात वेगळे काढले जातात; ओळख न देता माणसासारखे वावरणारे सांगकामे त्यांच्या वर्तनावरून ओळखून ‘ऑटोमेटेड’ गटात टाकण्याची पद्धत २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे २०१८ चा आकडा २०२२ च्या आकड्याशेजारी ठेवून ‘वाचन घटले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण जुन्या आकड्यात असे छुपे सांगकामेही मिसळलेले असतात.

दिवस मोजला जातो तो जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेपाचपासून. आषाढी एकादशीच्या पहाटे, पंढरपुरात शासकीय महापूजा चालू असताना कोणी विठ्ठलावरील लेख उघडला, तर ती नोंद आदल्या तारखेच्या खात्यात जमा होते. सणांच्या लेखांचा आलेख पाहताना म्हणूनच मागचा-पुढचा दिवसही पाहावा.

मराठीत सर्वाधिक घोटाळा शीर्षकांचा होतो. मोजणी शीर्षकागणिक होत असल्याने ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ यांपैकी एक पान दुसऱ्याकडे पाठवणारे असेल, तर दोघांचे आकडे वेगवेगळे राहतात आणि त्यांची बेरीज करावी लागते. लेखाचे स्थानांतर झाले असेल, म्हणजे त्याचे शीर्षक बदलले असेल, तर आधीची संख्या जुन्या नावाखालीच शोधावी. नव्या नावाचा आलेख स्थानांतराच्या दिवशी एकाएकी वर उसळलेला दिसतो आणि लेख त्या दिवशी गाजला असे उगाच वाटते.

माणसांच्या संख्येच्या जवळ जाणारा आकडा ‘युनिक डिव्हायसेस’, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांची संख्या, हा आहे, पण तो संपूर्ण मराठी विकिपीडियाचा मिळतो, एका लेखाचा नव्हे. त्याची रीत मला फार आवडते: कोणालाही ओळखक्रमांक न देता ब्राउझरमधील कुकीत (संकेतस्थळ तेथे ठेवते त्या छोट्या नोंदीत) फक्त शेवटच्या भेटीची तारीख लिहिली जाते, आणि पुढच्या भेटीत ती तारीख आजच्या आधीची निघाली की आजच्या मोजणीत एक उपकरण वाढते. घरातील तिघे एकाच फोनवर वाचत असतील तर एक, आणि एकच जण फोन व कार्यालयातील संगणक वापरत असेल तर दोन, असा हिशेब होतो. महिन्याचा आकडा हवा असल्यास रोजच्या आकड्यांची बेरीज न करता स्वतंत्रपणे दिलेला मासिक आकडाच घ्यावा, कारण रोज येणारे उपकरण त्या बेरजेत तीस वेळा मोजले जाते.