घर वाढवायचं, पण कुठल्या बाजूने?

आठवडाभर घराकडे नुसतं बघा आणि वहीत टिपत जा. सकाळी कुठे गर्दी होते, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, कुठली खोली दिवसभर रिकामी असते? ‘घर लहान पडतं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण अडचण बहुधा एखाद-दुसऱ्या जागीच असते. स्वयंपाकघर अपुरं असेल तर वर दोन खोल्या चढवून ते मोठं होणार नाही. म्हणून आधी गरज एका वाक्यात लिहा: ‘आजींसाठी तळमजल्यावर झोपायची खोली आणि लागूनच बाथरूम.’ वाक्य इतकं नेमकं झालं की अर्धे पर्याय तिथेच गळतात.

आहे त्या घरात जागा सापडते का?

बंद पडलेला व्हरांडा, सामानाने भरलेलं गॅरेज, उतरत्या छपराखालचा पोटमाळा यांचा विचार आधी करा. पोटमाळ्यावर मधोमध निदान २.१ मीटर उंची मिळत नसेल तर तिथे खोली करू नका, कायम वाकून वावरावं लागेल. दोन खोल्यांमधली भिंत काढायची असेल तर तिच्यावर छताचा भार आहे का हे आधी तपासून घ्या. भार असेल तर वर बीम टाकल्याशिवाय तिला हात लावू देऊ नका.

घराला किती पेलवेल?

हे ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. ठेकेदाराचा ‘काही होत नाही’ हा शब्द इथे चालत नाही. घर कॉलम-बीमवर उभं आहे की भिंतींवर, हे इंजिनिअर पाहतो. गरज वाटल्यास भिंतीलगत खड्डा घेऊन पाया उघडा करतो, काँक्रीटचीही चाचणी घेतो. वर मजला चढवायचा तर या तपासण्या टाळूच नका. नुसत्या १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतं. ३० चौरस मीटरच्या खोलीचा स्लॅब साडेसात टनांचा झाला. भिंती, फरशी, माणसं, सामान वेगळं. जुना पाया एवढं घेत नसेल तर लोखंडी सांगाडा आणि हलक्या भिंतींचा पर्याय विचारा.

फ्लॅटची बाल्कनी आत घेणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. २३० मिलिमीटर जाडीची, तीन मीटर उंच विटांची भिंत दर मीटर लांबीला सुमारे १,३०० किलो भरते. बाल्कनी अधांतरी बाहेर आलेली असते आणि हे वजन नेमकं तिच्या टोकावर येतं.

वर की बाजूला?

वर गेलात तर अंगण वाचतं, पण जिना जागा खातो. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर साधारण १८ पायऱ्या लागतात आणि मधल्या टप्प्यासकट सात-आठ चौरस मीटर जागा जाते, तीही आधीच अपुऱ्या खालच्या मजल्यावरची. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरची खोली मिळूनही न मिळाल्यासारखीच.

मागे किंवा बाजूला वाढवलं तर जिना लागत नाही, पण एक किंमत मोजावी लागते आणि ती नकाशावर दिसत नाही. नवी खोली जुन्या खिडकीसमोर येते, जुनी खोली घराच्या पोटात जाते आणि तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. वाढीव कामात याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडेही होत नाही, असं मला वाटतं. उपाय आहेत: नवं छत जुन्यापेक्षा खाली घेऊन मधल्या पट्टीत झरोके, छतातून उजेड, किंवा जुन्या-नव्याच्या मध्ये छोटा उघडा चौक. नवी खोली दोन मीटरने कमी झाली तरी चालेल, पण असा चौक सोडा.

जोडाची काळजी

जुना पाया बसून स्थिर झालेला असतो, नवा हळूहळू बसतो. दोन्ही भिंती घट्ट सांधल्या की तडा जातो. म्हणून मध्ये फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरतात. नव्या छताचा उतार जुन्या भिंतीपासून दूर जाणारा हवा, नाहीतर पावसाचं पाणी सांध्यातच मुरेल.

हद्दीपासून किती अंतर सोडायचं, एकूण किती बांधता येतं, हे परवानगी देणाऱ्या कार्यालयातून समजून घ्या. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या आणि चेंबर कुठे आहेत तेही पाहा. चेंबरवर खोली आली तर पुढे तुंबल्यावर फरशी फोडावी लागते.

शेवटी जागेवर आखून बघा

नव्या भिंतींची रेघ चुन्याने किंवा दोरीने जमिनीवर आखा. आत खुर्च्या मांडा, पलंगाच्या मापाची चटई अंथरा आणि दार उघडायला जागा उरते का ते बघा. मग जी खिडकी बंद होणार आहे तिच्यावर दोन दिवस जाड चादर लावून ठेवा आणि त्या खोलीत नेहमीसारखे राहा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे वाचता येत नसेल, तर काम सुरू करण्याआधी आराखडा बदलून घ्या.